आबांना गारवा, आईला ऊन

भोसरीत आम्ही राहायचो त्या खोलीला वर पत्रा होता आणि पत्र्याखाली आम्ही तिघं. मी, आई आणि आबा. वडिलांना मी आबा म्हणते. आबा फाउंड्रीत भट्टीवर होते. दिवसभर वितळलेल्या लोखंडाशेजारी उभं राहायचं आणि घरी यावं तर घरात दुसरी भट्टी. उन्हाळ्यात तांब्यातलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. पंखा होता, पण तो वरची गरम हवा खाली आणायचा, एवढंच. आबा फरशीवर बादलीभर पाणी ओतायचे, ओल्या फरशीवर उघड्या अंगानं आडवे व्हायचे, आणि तरी त्यांचा डोळा लागायचा नाही.

आईचं पोट मात्र त्याच पत्र्यावर होतं. ती वाळवणं करून विकायची. कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या. चाळीतल्या बाया उन्हाला शिव्या द्यायच्या, तेव्हा आई पदर खोचून शिडीनं वर चढायची आणि जुनं लुगडं अंथरून कुरडया घालायची. सकाळी घातलेली कुरडई दिवस मावळेपर्यंत खडखडीत. तिच्या कुरडईला लांबून गिऱ्हाईक यायचं. माझी शाळा, माझं कॉलेज त्या पत्र्यावरच्या उन्हात झालं असं म्हटलं तरी चालेल. मी बी.कॉम. झाले. आईकडून धरा नाहीतर आबांकडून धरा, आमच्या खानदानात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तळेगावला एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात मला नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी मी म्हटलं, "आबा, आता भट्टी सोडा."

"बगू," आबा म्हणाले.

बघायला वेळ मिळाला नाही. त्याच उन्हाळ्यात ते भट्टीसमोर चक्कर येऊन पडले. दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या शरीराला आता उष्णता सोसणार नाही. भट्टी बंद, आणि जमलं तर ती पत्र्याची खोलीही सोडा. पुढच्या वेळेस नुसत्या चक्करीवर भागेल याची खात्री नाही.

म्हणजे पुढचा उन्हाळा तापायच्या आत थंड गाव शोधायचं होतं.

थंड म्हणजे काही काश्मीर नव्हे. माझी नोकरी रेल्वेच्या लाइनीवर, म्हणून गावही लाइनीवरच पाहिजे. पुण्याकडून लोणावळ्याकडे जाताना एकेक स्टेशन मागं पडतं तशी हवा बदलते, हे मला रोजच्या प्रवासात अंगाला कळलं होतं. आबांचं मूळ गाव वडिवळं, तेही त्याच बाजूला. पण तिथं त्यांच्या वाट्याला आलेलं घर चुलत्यांच्या पोरांनी कधीच वापरायला घेतलं होतं, आणि आबा म्हणायचे, "तरणा असताना गाव सोडून आलतो. आता आजारी पडलो म्हनून परत जाऊ व्हय? न्हाई जमायचं."

खरी अडचण आईची होती.

"थंड गावात माझ्या कुरडया कोन वाळवनार? तू?" तिनं मला विचारलं.

"आई, मी कमावते ना आता. तुला काय गरज आहे?"

तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बारा वर्सं झाली मी धंदा करती. तुझ्या पगारावर बसून खाऊ व्हय? हातात काम न्हाई तर मी म्हातारी होईन."

"मग ऱ्हा तू हितं उन्हात," आबा कोपऱ्यातून म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून ते इतकं हळू बोलायचे की कान द्यावा लागायचा. "मी बी ऱ्हातो. भाजलो तर भाजलो."

"असलं बोलू नगा सकाळच्या पारी!"

दोन दिवस घरात भांडीच तेवढी बोलत होती. शेवटी आईनंच तोड काढली. गाव बघायला जायचं, पण नुसतं बघून यायचं नाही. ती तिथं कुरडया घालणार. वाळल्या तर गाव पास. मी म्हटलं, मग माझीही एक अट. आबांनी तिथं दुपारचं आडवं व्हायचं. झोप लागली तर गाव पास. दोन्ही झालं तरच बिऱ्हाड हलवायचं.

"म्हंजी मी बी वाळवनच," आबा म्हणाले.

फाल्गुनात सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायला लागलो. आई पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवायची, पातेल्याच्या आकाराचा डबा भरायची आणि टॉवेलात, वरून गोधडीच्या तुकड्यात गुंडाळायची, कारण चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. पिशवीत सोऱ्या, लुगडं, चार दगड. "दगड कशाला? तिथं दगड नसतील का?" मी विचारलं. "असत्याल. पन दुसऱ्याच्या दारातलं दगड उचलायचं बरं दिसत न्हाई." लोकलमध्ये ती डबा मांडीवर घेऊन बसायची. समोरच्या बाईनं एकदा विचारलं, "तान्हं आहे का हो?" आई म्हणाली, "व्हय, गव्हाचं हाय."

तळेगावला एका नव्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावरची खोली बघितली. घरमालकीण किल्ली घेऊन आली तोवर आईनं गच्ची गाठून लुगडं अंथरलंसुद्धा होतं.

"अहो, तुम्ही खोली बघायला आलात की कुरडया घालायला?"

"दोनी," आई म्हणाली आणि सोऱ्या फिरवत राहिली.

कुरडया झकास वाळल्या. पण खोलीच्या डोक्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर दिवसभर ऊन. आबा चटईवर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. मी मोबाईलवर तापमान बघून म्हटलं, भोसरीपेक्षा दोन अंशांनी कमी आहे. आबा म्हणाले, "त्ये मोबाईलला झोपव मग हितं."

कान्ह्याला स्टेशनाजवळ कौलारू घर मिळत होतं. हवा छान, सावली छान. पण शेजारी भाताची गिरणी. ती सुरू झाली आणि तूस उडून ओल्या कुरडयांवर असं बसलं की प्रत्येक कुरडईला दाढी आली. आईनं एक उचलून माझ्यापुढं धरली. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. आबा मात्र हसले नाहीत. वडिवळं तिथून जवळ. ओट्यावर आडवे झाले तेवढ्यात रस्त्यानं जाणारे कुणी ओळखीचे थांबले. "अरं, तू हितं कसा? आजारी हाईस म्हनं? काम सुटलं म्हनं?" आबा उठून बसले ते संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले. गाडीत म्हणाले, "हितं नगं."

कामशेतला खोली पसंत पडली, पण ती आम्ही जायच्या आत दुसऱ्याला गेली होती. आणि इकडं चैत्र लागला. पत्रा पुन्हा तापायला लागला. आबांना सकाळीच घाम फुटायचा, भिंतीला धरून उभे राहायचे. मला ऑफिसात आकडे दिसेनात. राहिलं होतं एकच.

"लोनावळा?" आबा म्हणाले. "तितं लोक चिक्की घ्यायला जात्यात. लगीन झालेली पोरं फोटो काढायला जात्यात. ऱ्हायला कोन जातं?"

"तिथं माणसं राहत नाहीत का आबा?"

"हाटेलवाली ऱ्हात्यात."

आईनं स्पष्टच सांगितलं. "ही शेवटची बारी. तितं न्हाई वाळल्या तर माझ्याच्यानं पुन्यांदा हे डबं घेऊन हिंडनं व्हनार न्हाई."

लोणावळ्याला बाजारापासून आत, झाडीत, एका मावशींचं जुनं घर होतं. त्यांच्या आवारात मागं दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, पुढं ओटा. शनिवार-रविवारी त्या पर्यटकांना द्यायच्या आणि त्यांना कंटाळल्या होत्या. "रात्रभर गाणी लावतात आणि सकाळी विचारतात, बाई, इथं शांतता कुठं मिळेल?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. आईनं खोली बघितलीच नाही. ती आवारात उभी राहून आभाळाकडं बघत होती.

"ऊन कुटनं येतं हितं?"

"लोक आधी गीझर आहे का विचारतात," मावशी म्हणाल्या. "ऊन विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मागं जा, विहिरीपाशी मोकळं आहे. पण बाई, माकडं आहेत हं."

"माकडं कुटं न्हाईत," आई म्हणाली.

तिनं विहिरीजवळच्या धोंड्यांवर लुगडं पसरलं, कुरडया घातल्या. ऊन कडक होतं पण अंगाला चटका नव्हता. मी आबांना ओट्यावर चटई टाकून दिली. वारा येत होता. घरावर एक जांभळाचं झाड पार ओणवलेलं, त्याची सावली ओट्यावर हलत होती. आबा म्हणाले, "नुसता पडतो. झोप काय येनार न्हाई." मी मावशींकडं चहाला गेले आणि वळून बघितलं तर ते घोरत होते. तोंड उघडं, एक हात ओट्याच्या खाली लोंबत. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ आम्ही दोघी एका झोपलेल्या माणसाकडं बघत होतो. आईनं पदरानं नाक पुसलं तेवढं.

चहा अर्धा झाला असेल. मागून आवाज आला.

"हाऽऽऽ! हाऽऽऽ हुर्रर्रऽऽऽ!"

कप तसेच ठेवून आम्ही धावलो. लुगड्यावर दहा-बारा माकडं. एक माकडीण पिल्लू पोटाशी धरून मधोमध बसलेली, ओली कुरडई जिलबीसारखी खात होती. आणि विहिरीच्या कठड्याशी आमचे आबा, मावशींनी माकडांसाठी ठेवलेलं घमेलं आणि काठी हातात, घमेलं बडवत गळा फाडून ओरडत होते. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. लांब, चढता, शेवटी थरथरणारा. माकडं भिंतीवर गेली, भिंतीवरून झाडावर गेली. आबांनी झाडाकडं बघून आणखी एक हाळी घातली. माकडीण पिल्लासकट पलीकडच्या बंगल्यात पसार झाली.

"आवो, जरा दमानं! चक्कर यील!" आई घाबरून म्हणाली.

"काय व्हत न्हाई गं!" आबा वळले. चेहरा लालबुंद, आणि हसत होते. "वडिवळ्याला भात पिकला की पाखरं राखायला मलाच बसवायचं. माळ्यावर. माझी हाळी धरनाच्या पलीकडं जायाची. पोपट तर माझं नाव ऐकून वाट बदलायचं."

"पोपटांना तुमचं नाव कुनी सांगितलं?"

"तुझ्या बापानं."

मावशी दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. मी आबांकडं बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी एवढा मोठा आवाज काढला नव्हता.

नंतर त्यांना झोपा म्हटलं तरी ते झोपले नाहीत. जांभळाच्या सावलीत खुर्ची टाकून, घमेलं मांडीवर घेऊन राखणीला बसले. माकडं दोनदा येऊन डोकावली आणि दोनदा हाळी ऐकून परत गेली. आईनं कुरडया मोजल्या नाहीत. निम्म्याच्या वर गेल्या होत्या हे दिसतच होतं. मला भीती वाटत होती. ती आता सोऱ्या पिशवीत टाकणार आणि भोसरीला चला म्हणणार. आबांची झोप तिनं बघितली होती, पण तिचा धंदाही तिच्या डोळ्यांदेखत माकडांच्या पोटात गेला होता.

ऊन कलल्यावर तिनं लुगड्यावरून एक कुरडई उचलली आणि बोटात धरून मोडली. कट्‌ असा आवाज आला.

"वाळली," ती म्हणाली. मग आबांकडं वळून, "रोज बसाल राखनीला?"

"पगार काय देनार?"

"दोन टाइम जेवान."

"त्ये तर हाईच. वरनं?"

"कुरडया तळून."

"मोडक्या नगं हां. गिऱ्हाइकाला देती त्या."

"बगा मावशी," आई म्हणाली, "अजून खोली घेतली न्हाई, तर गडी पगारवाढ मागतोय."

मावशी म्हणाल्या, "घेणार असाल तर किल्ली आजच घ्या. गडी चांगला आहे, मी त्याला सोडणार नाही."

अक्षय तृतीयेच्या आत आम्ही बिऱ्हाड हलवलं. मी मच्छरदाणीचं कापड आणून वाळवणावर टाकायला मोठं झाकण शिवून घेतलं, पण आबा म्हणतात जाळीला माकडं भीत नाहीत, माणसाला भितात. ते खुर्ची टाकून बसतातच. पावसाळ्यात लोणावळ्यात काहीच वाळत नाही हे खरं. भिंतीसुद्धा नाही. पण आई त्या चार महिन्यांत उन्हाळ्यात केलेला माल विकते. धबधबे बघायला आलेल्या लोकांना भर पावसात तळलेली कुरडई हातात मिळाली की ते पुड्याही मागतात. भोसरीची जुनी गिऱ्हाइकं गाडी करून इथं येतात आणि मग म्हणतात, तुमच्यामुळं लोणावळा झालं. चिक्की घेतात ती वेगळी.

आबांना त्यानंतर एकदाही चक्कर आली नाही. हिवाळ्यात ते कानटोपी घालून बसतात आणि भोसरीच्या लोकांना फोनवर मुद्दाम सांगतात, "लय थंडी हाय बाबा हितं, विचारू नगा."

मावशींचं मुलाकडे कायमचं जायचं ठरलं तेव्हा मागच्या दोन खोल्या विकत घेता का, असं त्यांनी आधी आम्हाला विचारलं. आईची वाळवणाची शिल्लक, आबांच्या नोकरीचा फंड आणि माझ्या पगारावर बँकेनं दिलेलं कर्ज, असं जमवून आम्ही त्या घेतल्या. कर्जाच्या कागदांवर मी वाचून, समजून सही केली. आज लोणावळ्यात आमचं स्वतःचं घर आहे, आणि ते आईच्या नावावर आहे.