फळ्यावरची जन्मतारीख

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी कप उचलून दुसऱ्या खोलीत जातो. आयुष्यभर गणित शिकवलं, असल्या गोष्टींवर कधी विश्वास बसला नाही. तरी हे लिहितोय... कारण यात भीतीपेक्षा लाजेचा भाग जास्त आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. वलगावपासून बैलगाडीने तासाभरावरच्या खेड्यात आमची दोन मास्तरांची शाळा होती. दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे पोरांची नावं आणि जन्मतारखा लिहिलेलं जाड पुस्तक, पत्र्याच्या पेटीत असायचं. त्याच पेटीत भजनी मंडळाचे टाळ! मंडळींना ते केव्हाही लागत, म्हणून किल्ली दारामागच्या खिळ्याला. आमचे हेडमास्तर, थोरले गुरुजी, मला टोकायचे, "मास्तर, टाळ दुसरीकडे ठेवा अन् किल्ली कमरेले बांधा. पोरायचं नशीब हाये त्या पेटीत." मी हो हो म्हणायचो. हिवाळ्यात गुरुजी वारले, किल्ली खिळ्यालाच राहिली.

उन्हाळ्यात किसनभाऊ आले. मजुरी करणारा माणूस, छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. त्यांची शांता वर्गात पहिली आलेली.

"गुरुजी, पोरीले मास्तरीण व्हाचं हाये. सोमवारी अमरावतीले कागद देनं हाये, शेवटचा दिवस. वयाचा दाखला तेवढा द्या."

पेटी उघडली तर नेमकं तिचंच पान फाडलेलं. त्यावर इतरही दहाबारा नावं होती. कुणाला कुणाचं वय लपवायचं होतं, देव जाणे. शांता मजुरीच्या वाटेवर कुठेतरी जन्मलेली, दुसरीकडे नोंद नाही. तारीख तिच्या आईने गुरुजींना सांगितली होती, आणि आईही आता नव्हती. अंदाजे तारीख टाकायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून पेटीची आणि शाळेची, दोन्ही किल्ल्या मी कमरेला बांधल्या. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

रविवारी दुपारी पान पुन्हा शोधावं म्हणून शाळा उघडली. खिडक्या आतून बंद होत्या. शनिवारी मी स्वतः पुसलेला फळा खडूने भरला होता — आखलेले रकाने, नावं, आकडे... आणि अक्षर थोरल्या गुरुजींचं. डावीकडे झुकलेलं, तसं गावात दुसरं कुणी लिहीत नसे.

मी काय करावं? फडकं उचललं आणि पुसत सुटलो. कुणी पाहिलं तर मास्तरला वेड लागलं म्हणतील, एवढंच डोक्यात. खाली 'शांता किसन' एवढं उरलं तेव्हा हात थांबला. तिच्या नावापुढचा जन्मतारखेचा रकाना पुसून झाला होता.

सोमवार गेला. पुढच्या वर्षी कोर्टातून वय लावून आणेपर्यंत तिचं लग्न झालं. वऱ्हाडातल्या उन्हात ती लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागली. फळ्यावर ते कुणी लिहिलं, कसं लिहिलं, मला आजही सांगता येत नाही. शोधायचंही मी कधीच सोडलं.

बऱ्याच वर्षांनी अकोल्याच्या स्टँडवर शांता भेटली. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती हसेल, नाहीतर चिडेल असं वाटलं होतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"गुरुजी, पुसाच्या आंधी वाचलं तरी व्हतं का?"