बोईसरचा हां

कंपनीतले किस्से ड्रायरच्या फिल्टरवर बसणाऱ्या पावडरसारखे असतात. रोज थोडे थोडे साचतात, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस फिल्टर उघडला की समोरचा माणूस पांढराफटक! मी आज फिल्टर उघडतेय. ज्यांना लगेच शिंका येतात त्यांनी जरा मागे सरकावं.

आमची कंपनी तारापूरच्या एमआयडीसीत. कापडाच्या रंगाला लागणारी रसायनं बनवतो. मालक गुजराती, प्रॉडक्शन हेड बनारसकडचे, क्वालिटी हेड केरळचे, ऑपरेटर बिहारपासून ओडिशापर्यंतचे, स्टोअरला सातपाटीचे तात्या, आणि मी केळव्याची. इतक्या भाषांत सगळ्यांकडे असलेला एकच शब्द. हां. कोणी त्याला हा म्हणतं, कोणी हँ, कोणी हो. डिक्शनरीत बघाल तर अर्थ एकच. आमच्या गेटच्या आत आलात की विसरा!

मला या शब्दाचा अभ्यास करावा लागला, कारण आमच्या रिअ‍ॅक्टर सेक्शनचे दुपारच्या शिफ्टचे इन्चार्ज गुजरातेत दहेजला दुसरी नोकरी धरून गेले आणि ती जागा रिकामी झाली. मला ती हवी होती. मी केमिकल इंजिनिअर आहे, प्लांट मला पाठ आहे, तरी चार वर्षं प्लॅनिंगच्या टेबलावर एक्सेल भरतेय. का? तर 'मुलींची फ्लोअरवर फार धावपळ होते.' मी एकेका साहेबाकडे जाऊन जागा मागितली. एकानेही नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी हां म्हटलं. जागा रिकामीच!

*

पहिला हां मिश्राजींचा. मिश्राजी आमचे प्रॉडक्शन हेड, रिटायरमेंटला टेकलेले, अत्यंत गोड. मी विचारल्याबरोबर म्हणाले, "हां हां, क्यों नहीं, बेटा!" मी खुश. पंधरवडा गेला, काही नाही. पुन्हा गेले. "हां हां, बेटा!" पुन्हा काही नाही.

मग कँटीनवाल्याचं प्रकरण झालं. कँटीनचा फ्रिज खडखड करायचा. कँटीनवाल्याने मिश्राजींना विचारलं, "साहेब, हा काढून नवा आणायचा ना?" मिश्राजी म्हणाले, "हां हां." त्याने त्याच दिवशी जुना फ्रिज भंगारवाल्याला देऊन टाकला. नवा आलाच नाही, कारण कोणी मागवलाच नव्हता. मे महिना, बोईसरची हवा, आणि सगळी कंपनी कोमट ताक पितेय!

कँटीनवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर हां बोललात!"

मिश्राजी खरोखर दुखावले. म्हणाले, "अरे भाई, हमने सिर्फ हां बोला था. हां थोड़े ही बोला था!"

*

मी मोर्चा नायरसरांकडे वळवला. नायरसर क्वालिटी हेड, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलावर शोधणारे. मी माझं सगळं म्हणणं मांडलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "शरि." पुन्हा थोडं ऐकलं. "शरि." शेवटी एकदा, "शरि, शरि."

मी बाहेर येऊन मोबाईलवर अर्थ बघितला. शरि म्हणजे बरोबर, ठीक. मी मनातल्या मनात शिफ्ट लावायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात पॅकिंगच्या मुलांनी नायरसरांपुढे एका बॅचचे रिपोर्ट धरले. सर एकेक पान उलटत म्हणाले, "शरि... शरि... शरि..." मुलांनी तिसऱ्या शरिला ड्रमची झाकणं ठोकून बंद केली. सरांनी शेवटचं पान ठेवलं आणि म्हणाले, "शरि. रिजेक्ट."

त्यांचा शरि म्हणजे 'हे पान वाचून झालं'!

कंपनीच्या स्नेहसंमेलनात मी त्यांच्या बायकोकडे तक्रार केली. बाई हसून म्हणाल्या, "मोळे," म्हणजे पोरी, "लग्नाचं विचारलं तेव्हा पण शरि बोलले. मी आईला सांगितलं, हॉल बुक करू, आले तर आले."

*

बिकाश आमचा ओडिशाचा ऑपरेटर, सरावलीत खोली घेऊन राहतो. तो नवीन आला तेव्हा मिश्राजींनी त्याला वॉशिंगच्या लाईनचे वॉल्व्ह समजावले. म्हणजे लांबून बोट दाखवत, अस्सल बनारसी वेगाने. दर वाक्यानंतर, "समझे?" बिकाश दर वेळी, "हँ सर."

दुपारी बिकाशने उघडायचा तो सोडून शेजारचा वॉल्व्ह उघडला. साबणाच्या टाकीत पाण्याची धार सुटली आणि फेस वर आला. वर म्हणजे किती? आधी गटार भरलं, मग पार्किंग, मग फेस गेटखालून रस्त्यावर गेला. समोरचा चहावाला स्टूल उचलून पळाला. कोणाला काही झालं नाही. पण त्या वॉल्व्हच्या पलीकडची लाईन ॲसिडची होती.

मिश्राजी गुडघाभर फेसात उभे राहून ओरडले, "समझा था कि नहीं समझा था?"

बिकाश म्हणाला, "हँ सर."

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. मग हँ कशाला? तर म्हणे, "दीदी, बड़े आदमी को नहीं समझा बोलेगा तो उनको बुरा लगेगा ना."

त्या दिवसापासून मी माझ्या अधिकारात नसलेलं एक काम सुरू केलं. 'समजलं का' विचारणं बंद! नवीन माणसाने वॉल्व्हवर हात ठेवून दाखवायचं, हा कशाचा, बंद कसा करायचा. चेहरे लाजायचे, हात बरोबर जायचे. मिश्राजी वैतागले. "ये फैक्टरी है कि बालवाड़ी?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही पण करून बघा ना. डोळ्यात केमिकल उडालं तर इमर्जन्सी शॉवर कुठे?"

"अरे, ये भी कोई सवाल है!" मिश्राजी तरातरा चालत गेले, सगळा सेक्शन त्यांच्या मागे, आणि त्यांनी ऐटीत एक दार ढकललं.

आत अकाउंट्सच्या मॅडम डबा खात होत्या.

शॉवर तिथून हलवल्याला जमाना झाला होता. कागदावर मिश्राजींनीच हां म्हटलं होतं!

*

जपानचं गिऱ्हाईक आलं तेव्हाची गोष्ट. दोन पाहुणे, नीटनेटके, शांत. त्यांचा दुभाषा हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेला. मिश्राजींनी ठरवलं, थांबायचं कशाला, आपण करू प्रेझेंटेशन! इंग्रजीत सुरू केलं. दर वाक्याला दोन्ही पाहुणे मान लववून म्हणत, "हाय." भाव सांगितला, "हाय." माल कधी मिळेल ते सांगितलं, "हाय."

मिश्राजींनी खुणेने शिपायाला पेढ्यांसाठी पिटाळलं. पेढे आले. पाहुण्यांनी खाल्ले. "हाय."

मग दुभाषा आला, घामाघूम. त्यांच्याशी थोडं बोलला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "ते म्हणतात, फार छान वाटलं. आता प्रेझेंटेशन कधी सुरू करायचं?"

त्यांचा हाय म्हणजे 'ऐकतोय'. आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं!

स्टोअरचे तात्या दारात उभे राहून पेढा खात होते. म्हणाले, "येच्यात नवल काय हाय? आमच्या बंदरावर बी गिऱ्हाईक मान हालवत ऱ्हाते आन् पापलेट दुसरीकडनं घेते. आमी काय पेढे नाय वाटत."

*

आता तात्या. तात्यांचं घर पिढ्यान् पिढ्या मासेमारीचं, भाऊ अजून बोटीवर जातो. सबंध कंपनीत हां न म्हणणारा हा एकमेव माणूस. स्टोअरच्या खिडकीत जा आणि काहीही मागा. उत्तर एकच. "नाय."

"तात्या, गॅस्केट आहे?"

"नाय."

आणि तुम्ही जागचे हलला नाहीत तर तात्या उठतात, आत जातात आणि गॅस्केट आणून खिडकीत आपटतात. नवी मुलं नाय ऐकून परत जातात, जुनी मुलं खिडकीला टेकून उभी राहतात. मी एकदा कारण विचारलं. तात्या म्हणाले, "पयलाच हाय म्हटला का लोका टोपलीभर मागतात. नाय म्हटला का लागेल तेवढाच मागतात."

एक दिवस मी चिडून त्यांच्या खिडकीत गेले. म्हटलं, "तात्या, तुम्ही सांगा. मला शिफ्ट मिळेल का?"

"नाय."

मी उभी राहिले. तात्या उठले नाहीत.

"तात्या, खरंच नाय?"

"खराच नाय."

"पण का? मिश्राजी हां म्हणाले, नायरसर हां म्हणाले, एचआरचे काकडे तर तीनदा हो म्हणाले!"

"म्हनूनच," तात्या म्हणाले. "एक जरी नाय म्हटला असता तं तू त्याचे संगाती भांडली असती. हां संगाती भांडशील कशी?"

*

भांडायचं कसं ते मला घरी जाताना रिक्षात सुचलं. दुसऱ्या दिवशी मी थेट शेठच्या केबिनमध्ये. शेठ म्हणजे मालक, एका कानाला फोन कायम. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हा हा, थई जशे, बेन!" म्हणजे होऊन जाईल.

मी म्हटलं, "शेठ, आज हा नको. आज मला ना म्हणा."

शेठनी फोन खाली ठेवला. मी हे दृश्य प्रथमच पाहत होते.

"ना? ना शा माटे?"

"ना म्हणालात की मी कारण विचारीन. कारण सांगितलंत की मी उत्तर देईन. हा म्हणालात तर मला इथेच म्हातारं व्हावं लागेल."

शेठ विचारात पडले. त्यांना कारण सापडेना. म्हणून मिश्राजींना बोलावलं. "मिश्राजी, तमे ना बोलो."

"मैं क्यों ना बोलूं? मैंने तो हां बोला है!"

काकडे आले. काकडे आमचे एचआर मॅनेजर, साताऱ्याकडचे, भाषणासारखं बोलणारे. "माझा तर पहिल्यापासून पाठिंबाच आहे."

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी काकड्यांनी घसा साफ केला. "प्रश्न फक्त एवढाच की, घरच्यांचं काय? शिफ्ट संपायला रात्र होते. वडिलांचा होकार आहे का?"

माझं डोकंच फिरलं. "मिश्राजींना शिफ्टला लावताना त्यांच्या वडिलांना विचारलं होतं?"

"बेटा, वो तो स्वर्गवासी हैं," मिश्राजी म्हणाले.

"होते तेव्हा?"

तिघांच्याही चेहऱ्यावर सुटका दिसत होती. अखेर एक असा माणूस सापडला होता, जो नाही म्हणू शकेल!

आणि तो म्हणालाच असता. बाबांना मी मुद्दामच काही विचारलं नव्हतं. बाबांना विचारलं की बाबा आत्याला विचारतात, आत्या काकांना विचारते, काका माहीमच्या मामांना विचारतात, आणि तोपर्यंत कुठलंतरी स्थळ येऊन बसतं. सव्वीस वर्षांची इंजिनिअर आहे मी, ग्रामसभेतला ठराव नाही!

पण काकड्यांनी नंबर लावलासुद्धा. स्पीकर सुरू. पलीकडे वाऱ्याचा घूं घूं आवाज, मग बाबा, "हां, कोन?"

काकड्यांना चेव आला. "नमस्कार साहेब! आपल्या कन्येच्या उज्ज्वल भविष्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निर्णय घेण्याची वेळ आली आहे..."

"हां."

"तिच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी आम्ही घेत आहोत. घरापर्यंत गाडी असेल..."

"हां, हां."

"एक पिता म्हणून आपल्या मनात शंका येणं स्वाभाविक आहे. तरीही आपला होकार आहे, असं आम्ही समजावं का?"

घूं घूं. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती.

"हां हां हां. बरा. हां." आणि फोन कट.

"बापे हा पाडी दीधी!" शेठ टेबलावर हात आपटून म्हणाले. मिश्राजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकड्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, "असे पुरोगामी वडील नशिबाने मिळतात." सोमवारपासून दुपारची शिफ्ट माझी!

संध्याकाळी घरी गेले. बाबा ओट्यावर बसून विड्याची पानं निवडत होते. मी चप्पल काढून शेजारी बसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

बाबांनीच सुरुवात केली. "दुपारी एका इमावाल्याचा फोन आलता, पॉलिशी इकनारा. आपला गडी माडावर चढलेला, दोरी माझ्या हातात, आन् ह्याचा चाललाय, कन्येचा भविष्य, जबाबदारी, गाडी. इतका गोड इमावाल्याबिगर कोन बोलतो? सगल्याला हां हां केला तवा कुठं सुटलो!"

बाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "परत करील तो. चिकट हाय. नंबर ब्लॉक कसा करतात, जरा दाखव मला."

मी लगेच दाखवलं.