धरणकाठचे दर्यासर

आमच्या दर्यासरांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक हमखास विचारतात, ‘पट्टीचे पोहणारे असतील, नाही?’ अहो, कुठले! सगळा जन्म धरणाच्या काठावर गेला, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की हा माणूस जागच्या जागी थांबायचा. आणि हाच माणूस आमच्या बीडकडच्या कोरड्या माणसांची गाडी भरून कोकणात न्यायचा आणि समुद्राची भरती-ओहोटी दाखवून आणायचा. म्हणून ते दर्यासर. त्यांचं खरं नाव हजेरीपटाच्या बाहेर कुणी फारसं वापरलंच नाही, तेव्हा मीही ते इथं लिहीत नाही.

आमचं गाव पालीजवळ, बिंदुसरेच्या धरणाच्या वरच्या अंगाला. मी धारूरच्या किराणा दुकानदाराची लेक, लग्न होऊन इथं आले. जीभ जरा तिखट आणि हिशोब तोंडपाठ, म्हणून बायकांनी मला महिला दूध संस्थेची सचिव करून टाकलं. सर गावातल्याच शाळेत भूगोल शिकवायचे. गावच्या बौद्धवाड्यातलं त्यांचं घर, दारात एक बदाम आणि बदामाखाली पुस्तकांनी वाकलेली खुर्ची. मला ते कधी ताई म्हणाले नाहीत, वहिनी म्हणाले नाहीत. ‘सचिवबाई’ म्हणायचे, आणि असं म्हणायचे की आपण मंत्रालयात बसलोय असं वाटावं.

भरती-ओहोटीचा धडा आला की सर घरून पितळी परात घेऊन शाळेत यायचे. तीत पाणी ओतायचे, परात हळूच एका बाजूला कलवायचे आणि कोरड्या पडलेल्या बाजूवर बोट ठेवून विचारायचे, ‘पाणी संपलं का?’ पोरं ओरडायची, ‘न्हाई सर, पल्याड गेलं!’ मग परात दुसऱ्या बाजूला कलवायची. टँकरच्या वर्षी परातीपुरतंही पाणी सांडायची सोय नव्हती, तर सरांनी परातीत ज्वारी घेतली. शिपाई म्हणाला, ‘सर, ज्वारीला कुठं भरती येती?’ सर म्हणाले, ‘यंदा पाण्याला तरी कुठं आलीय?’ वर्ग हसला, सर काही हसले नाहीत.

त्याच वर्षी ते संस्थेत आले आणि म्हणाले, ‘सचिवबाई, यंदा तुमच्या बायकांना समुद्रावर न्यायचं.’ माझं डोकंच फिरलं. जनावरं चारा छावणीत, दुधाचं संकलन निम्म्यावर, बायका टँकरमागं धावून धावून हैराण, आणि हे निघाले सहलीला! मी म्हणाले, ‘सर, तुमचं काय बिघडलंय का? इथं हंडा भरंना, आन् तिथं जाऊन खारं पाणी बघायचं?’ सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘धरण भरलेलं असतं तवा पाणी बघायला जातं कोण? आपल्या बायकांनी जन्मभर जाणारं पाणी बघितलं. मला त्यास्नी एकदा येणारं पाणी दाखवायचंय.’ मी भांडले, खूप भांडले. पण रात्रंदिवस ते वाक्य डोक्यात वाजत राहिलं आणि शेवटी मीच बायका गोळा केल्या. प्रासंगिक कराराची एसटी ठरवली, भाकऱ्या बांधल्या आणि निघालो.

सर पौर्णिमेच्या आसपासच न्यायचे, कारण तेव्हा पाणी लई लांब जातं आणि तितक्याच जोरानं परत येतं. किनाऱ्यावर उतरल्याबरोबर चपला काढायला लावायचे. ‘कुनाच्या घरावर पाय देताय ते कळलं पायजे,’ म्हणायचे. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. खडकांचा पट्टा उघडा पडला होता, आणि त्याच्या पलीकडं वाळू-चिखलाचं भलंमोठं मैदान चमकत होतं. सर वाकून वाकून एकेक दाखवत चालले. वाळूवर साबुदाण्यासारख्या गोळ्यांची नक्षी होती, ती खेकड्यांनी केलेली. खडकाला चिकटलेली कालवं होती, शिंपल्याच्याच जातीची. एका खळग्यात निवटी शेपटीवर उड्या मारत होती, तर आमच्यातली एक ‘बया बया, मासा चालाया लागला!’ म्हणून दोन हात मागं सरली. सरांनी खडकावरचा एक छोटा शंख उचलून दाखवला. आतल्या जीवानं तोंडावर झाकण ओढून घेतलं होतं. ‘पाणी गेलं की हा दार लावून घेतो. आत थेंबभर पाणी धरून बसतो, भरती येईस्तवर.’ सोजरबाईनं तो शंख तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि जिथून उचलला होता तिथंच नेऊन ठेवला.

सोजरबाई आमच्या संस्थेची सर्वांत जुनी सभासद. अंगानं वाळकी, बोलणं थोडं, हात सतत कामात. तिच्याबद्दल पुढं सांगण्याआधी आमच्या धरणाचा एक रिवाज सांगायला हवा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं तसा काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळात काकडी, टरबूज, खरबूज, काय वाट्टेल ते येतं. गाळपेर म्हणतात त्याला. आणि गावचा रिवाज असा, की उघड्या पडलेल्या गाळावर ज्यानं पहिल्यांदा दगडांची ओळ लावली, त्या हंगामापुरता तो तुकडा त्याचा. कागद नाही, मोजणी नाही. त्यामुळं आमच्याकडची गरीब बाई सरकत्या पाण्याच्या मागं मागं जाते, ओटीत दगड घेऊन. आणि धरणाचं पाणी एकदा गेलं की पावसाळ्यापर्यंत परत येत नाही, तेव्हा मागं वळून बघायची कुणाला सवयच नाही.

झालं तेच. मी सुरूच्या झाडांखाली गाठोड्यांपाशी बसले होते. बघते तर सोजरबाई पदर खोचून त्या मैदानात पार लांब गेलेली, आणि खडकांतून वेचलेले दगड एकापुढं एक लावतेय. सुरुवातीला दोघीतिघी तिच्याबरोबर होत्या. ‘एवढा तुकडा माझा बरं का, इथं टरबूज लावते!’ असं हसणं-खिदळणं चाललं होतं. मग त्या परत आल्या, सोजरबाई राहिली. तिचं हसणं थांबलं होतं आणि हात चालूच होते. सर खडकावर उभे होते, तिच्याकडेच बघत. मला वाटलं, सरांचं लक्ष आहे, मग काय फिकीर.

समुद्राचं पाणी समोरूनच येतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. मैदानाच्या अलीकडं खाडीचा एक फाटा होता. जाताना त्यात घोटाही बुडला नव्हता. भरती लागली आणि आधी तो भरला, सोजरबाईच्या पाठीमागं. मला ते कळलं तेव्हा तिच्या आणि आमच्यामध्ये चांगलं रुंद पाणी झालं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. मी किंचाळले. सर एकदम झोपेतून उठल्यासारखे हलले आणि धावत आले. ‘लुगडी काढा, लुगडी! गाठोड्यातली!’ आंघोळीनंतर नेसायला आणलेली नऊवारी आम्ही भराभर टोकाला टोक बांधली. एक टोक सरांनी कमरेला आवळलं, दुसरं आम्ही सगळ्यांनी धरलं. आणि ज्याला गुडघ्यावर पाणी चालत नव्हतं तो माणूस छातीभर पाण्यात शिरला. मध्ये एकदा डोकं दिसेनासं झालं तेव्हा मी लुगड्याचा पीळ मनगटाला आवळून घेतला. पण ते वर आले, पलीकडं पोहोचले, सोजरबाईला मिठीत धरलं आणि आम्ही ओढलं. विहिरीतून म्हैस काढावी तसं ओढलं. दोघंही जिवंत आले. सरांचा चष्मा तेवढा गेला.

गाडी परत निघाली. सर पुढच्या बाकावर ओल्या कपड्यांत बसून होते, कुणी टॉवेल दिला तर तो नुसता हातात धरून ठेवला. गावात बातमी आमच्या आधी पोहोचली होती. सोजरबाईचा थोरला सरांच्या दारात येऊन ओरडला, ‘काय बे मास्तर, माझ्या मायला बुडवाया नेलतं व्हय?’ ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांना ‘बे’! सर हात जोडून उभे राहिले. सोजरबाई मागून आली आणि पोराला दंडाला धरून ओढत घेऊन गेली.

त्या दिवसापासून सहली बंद. एवढंच असतं तर समजू शकले असते. पण सरांनी तो धडाच सोडला. भरती-ओहोटी आली की वर्ग दुसऱ्या मास्तरांकडे द्यायचे आणि स्वतः बाहेर लिंबाखाली उभे राहायचे. पुढं पाऊस झाले, धरण भरलं, सर निवृत्त झाले. कुणी विषय काढला तर म्हणायचे, ‘माझं काम झालं.’ त्यांच्या घरच्या कमलवहिनी मला एकदा म्हणाल्या, ‘सचिवबाई, हे पैल्यासारखं बोलत न्हाईत वो. घरात असून नसल्यावानी.’ मला सरांचा रागच यायचा. बाई वाचली ना? तुम्हीच वाचवली ना? मग कसला हा सुतकी चेहरा? पण सरांना हे तोंडावर म्हणायची माझ्यासारखीचीही छाती झाली नाही.

ते धैर्य सोजरबाईनं केलं. संस्थेच्या सभेत ती कधी तोंड उघडत नसे. सर निवृत्त झाल्यानंतरच्या सभेत ती उभी राहिली. ‘मला पाण्यातनं काढलं आन् सर सोता तिथंच ऱ्हायले. आता आपण त्यास्नी काढायचं का न्हाई, ते ठरवा.’ एवढं बोलून खाली बसली. ठराव वगैरे काही लागला नाही. पौर्णिमा बघून गाडी ठरवली, सगळ्याजणी बसलो आणि गाडी सरांच्या दारात नेऊन उभी केली. सर ‘न्हाई’ म्हणाले. सोजरबाई खिडकीतून म्हणाली, ‘मग आमीबी हितंच बसतो.’ ऊन चढत गेलं, कुणी हललं नाही. अखेर कमलवहिनींनी आतून त्यांची पिशवी आणून गाडीत ठेवली, आणि सर चढले.

तोच किनारा, तीच ओहोटी. सर सुरूच्या झाडांखालच्या दगडी बांधावर बसले आणि खाली उतरेनात. बायका त्यांच्याकडे बघत ताटकळल्या. सोजरबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी तिथंच डब्यांपाशी होते. ‘सर, मी बुडाले न्हाई. बघा माझ्याकडं, जिती हाय. कावून एवढं मनाला लावून घेतलं?’

सर पाण्याकडे वळले. मग बोलले त्यात शाळेतलं मराठी उरलंच नव्हतं. ‘सोजरबाई, पाणी फिरलं ते मला दिसलं होतं. सगळ्याच्या आधी मलाच दिसलं. पर मी हाक मारली न्हाई.’

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

‘आमच्या नावावर जमीन कुठंच नव्हती. माझी माय धरण हटलं की गाळात जायची, वटीत दगड घिऊन. तिथं मातूर कुनी इचारायचं न्हाई, तू कुनाची, कोनत्या वाड्यातली. आधी दगड लावला त्याचा तुकडा. तेवढ्या दिसांपुरती माय मालकीण असायची. तुमी त्या दिवशी दगड लावाया लागला आन् मला माय दिसली. तशीच वाकलेली. तशीच मान. वाटलं, हाक मारली तर ती दगड टाकून दील. लावू दे अजून एक. लावू दे अजून एक.’ सरांनी मैदानाकडे बोट दाखवलं. ‘त्या एका दगडापायी तुमचा जीव गेला असता.’

 सोजरबाईनं पदरानं आधी आपले डोळे पुसले, मग कसलाही संकोच न करता सरांचे पुसले, आपल्या लेकराचे पुसावेत तसे. उठली. पदर खोचला.

‘मग आता मारा हाक,’ म्हणाली. ‘मी जाते. पाणी फिरलं की मारायची. तवर मी मागं बघणार न्हाई.’

आणि बायकांना घेऊन ती खाली उतरलीसुद्धा. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. ते बांधावरून उठले, खडकापर्यंत गेले, नवा चष्मा दोनदा पुसला आणि उभे राहिले. नजर एकदा खाडीच्या फाट्यावर, एकदा सोजरबाईवर. ती वाकून दगड लावत होती. खरंच मागं बघत नव्हती.  मला काही दिसत नव्हतं, पाणी जिथल्या तिथं होतं, फाट्यात अजून वाळू दिसत होती. पण सरांना दिसलं.

‘सोजरबाई!’ सर ओरडले. ‘पाणी फिरलं! माघारी या!’

त्या माणसाचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गातही नाही. सगळ्या बायका जागच्या जागी थबकल्या आणि वळल्या. सोजरबाईच्या हातात एक दगड होता. तो तिनं ओळीच्या टोकाला नीट बसवला, कंबर सरळ केली, आणि कोरड्या फाट्यातून सरांच्या दिशेनं चालत येत म्हणाली, ‘आले, बाबा. आले.’