पत्र्यावरचा कापूस

आर्वीत माझ्या सायकलच्या दुकानासमोर एक कारागीर मोटारींचा पत्रा ठोकायचा. लोक त्याला चक्रम म्हणत. असेल, पण काम झालं की तो पत्र्यावरून कापसाचा पुंजका फिरवायचा आणि एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा कानस हातात घ्यायचा.

कापसाचं जिन चालवणाऱ्या शेठनं आपली जुनी विलायती, दोन सीटांची गाडी त्याच्याकडे दिली. त्यानं कंपनीचा बिल्ला, दारांच्या बाहेरच्या मुठी, चकाकत्या पट्ट्या सगळं उपटलं, भोकं झाळून बुजवली आणि गाडी गारगोटीसारखी गुळगुळीत केली.

शेठ आपल्या नावाची पितळी पाटी घेऊन आला. "बॉनेटवर ठोक."

"नाई ठोकत."

"काऊन? गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची, शेठजी. पन एकबी भोक मी पाडनार नाई."

शेठनं पाटी नागपुरात ठोकून घेतली. बाजाराच्या दिवशी गाडी कापसाच्या बैलगाड्यांमध्ये दिमाखात उभी होती. हा हातोडी टाकून तिथं गेला, खिशातून पुंजका काढला आणि सगळ्यांदेखत पुढच्या दिव्यापासून बॉनेटवर फिरवत नेला. पाटीपाशी कापूस अडकला.

"पाहून घ्या," तो शेठला म्हणाला, "हे माह्यं काम नोहे."

आणि शेठच्या नावावर कापूस तसाच भुरभुरत ठेवून तो निघून आला.