पाहुणे अन् संडासाचा वास

माझा बाप लय अक्कलवान होता असं सारे म्हणत. म्हणोत बिचारे. संडासाचा वास घालवाले त्यानं दोन दिवस जे केलं, ते मी पाह्यलं आहे.

इंग्रजाचं राज्य होतं, वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. आमी अकोल्याच्या जुन्या शहरात राहत होतो. घरामागं मोर्णेच्या काठी भाजीपाल्याचा मळा होता. आमच्या बोळात टोपलीचा संडास एकट्या आमच्याच घरी. वर फळी, खाली टोपली, अन् मागून एक लहान दार. रोज सकाळी मेहतरीण येई अन् त्या दारातून टोपली काढून नेई. बाकीचे लोक लोटा घेऊन नदीकडे जात, म्हणून बापाले त्या संडासाचा भारी तोरा.

त्या साली तिवशाचे पाहुणे मले पाहून गेले अन् निरोप आला, पोरगी बरी आहे पण घरात वास येते. माय वं, संडास बापाचा अन् नापास मी. बाप म्हणे, "आता दर्यापूरचे येऊन राहिले. हेही गेले तं त्या बिजवराले देऊन टाकतो तुले." हा बिजवर म्हणजे बाजारातला एक अडत्या. बायको मेलेली, पोरं माझ्याएवढी, अन् वयानं बापाच्या बरोबरीचा. मले दोन रात्री झोप आली नाई.

मग बापानं डोकं चालवलं. संडासाच्या मागच्या दाराले यायचा रस्ता बोळातूनच, अन् पाहुण्यायची बैलाची दमणीही तिथंच सुटणार. त्यायनं टोपली पाह्यली तं काय म्हणतील? म्हणून त्यानं मेहतरणीले सांगून टाकलं, पाहुणे जाईस्तोवर येऊ नको. टोपली काढू द्याची नाई अन् वासही नाई आला पाह्यजे. आता बोला.

पहिल्या दिवशी फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी लोभान जाळलं, वरून अत्तराची शिशी रिकामी केली. मेलेल्या उंदराले गजरा घालावा तसं झालं. माय नाकाले पदर लावून सैपाक करत होती. मीच म्हटलं, "बाबा, मेहतरणीले बोलवा ना."

"तुले काय समजते वं? गप बस."

मेहतरीण पलीकडच्या गल्लीत कामाले चालली होती. मी बोळाच्या तोंडाशी जाऊन तिले विचारलं. ती लांबूनच म्हणाली, "बेटी, टोपली खाली किए बिना कुछ नहीं होगा. फिर चूल्हे की राख डालना, खूब. मैं नहीं आऊँगी, तेरे बाप ने मना किया है."

पाहुणे यायच्या दिवशी तांबडं फुटताच मी लुगडं खोचलं, मागचं दार उघडलं अन् टोपली उचलली. मळ्यातल्या खताच्या खड्ड्यात रिकामी केली. एकदा ओकली. मग टोपली खरवडून धुतली, तळाले राख पसरली, फळी राखेनं घासली अन् राखेचं घमेलं आत ठेवलं. उन्हं येईपर्यंत वास गेला होता. परत फिरली तं बाप दारात उभा. मले पाहून दोन पावलं मागं सरला अन् मायले म्हणाला, "हिच्यावर गोमूत्र टाक." मायनं टाकलं. मी दोनदा न्हाली.

पाहुणे आले. पोराची माय सारं घर हिंडली, मागंही जाऊन आली. म्हणाली, "घर मोठं स्वच्छ ठेवलं जी तुमी." बाप म्हणे, "आमच्या घरी असंच असते." सोयरीक तिथंच जुळली. मी सगळ्यायले पोहे देले. बापानं घेतले नाईत. म्हणे आज उपास आहे. उपास कायचा, डोंबलाचा!

हाच माणूस मळ्यात वांग्याच्या बुडाशी सोनखत हातानं टाके. सोनखत म्हणजे तेच, वाळलेलं. त्याच हातानं वांगी तोडून बाजारात विके, तिथं विटाळ नाई. पोरीनं एकदा टोपली उचलली, तीही त्याचीच अब्रू राखाले, तं तिच्या हातचं पाणी बंद. लग्न होईपर्यंत मायच त्याले पाणी देत होती. अन् ती मेहतरीण रोज टोपली उचलत होती, जन्मभर. तिच्याबद्दल आमच्या घरात कोणाले कधी काही वाटलं नाई. त्या दिवसापर्यंत मलेही नाई, खोटं कायले बोलू.

लग्नात कन्यादानाची वेळ आली. भटजीनं बापाले बोलावलं. बाप म्हणे, माझी पाठ धरली, मले बसवत नाई. मग काकानं माझा हात हातात घेतला अन् कन्यादान केलं. मी मान वर करून पाह्यलं. बाप मांडवाच्या त्या टोकाले पंगतीत बुंदी वाढून राहिला होता, एकेका पानावर वाकून वाकून.