ओढ्यापलीकडचा कस्तुर

विजेपालला जंगलातली ती वाट डोळे मिटून चालता आली असती, आणि अलीकडे तो जवळजवळ तशीच चालत असे. श्रीलंकेच्या दक्षिणेकडच्या त्या ओल्या, दाट अरण्यात तेहतीस वर्षं तो पाहुण्यांना पक्षी दाखवत होता. सकाळी फाटकातून आत न्यायचं, पायांवरच्या जळवा काढून द्यायच्या, दुपारी घरी येऊन गुडघे चोळत बसायचं.

दोन वर्षांपूर्वी रातकिडे बंद झाले. जंगलालाच काहीतरी झालं असं त्याला वाटलं. बायको म्हणाली, “किडे ओरडताहेत. तुमचे कान गप्प झालेत.” कोतवाल पक्ष्याची शीळ, सातभाईंचा गलका त्याला अजून नीट ऐकू येई. बारीक, उंच आवाज मात्र गेले ते गेलेच. त्या झाडीत पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो. कान गेलेल्या वाटाड्याला कोण बरोबर घेणार? त्याने कोणाला सांगितलं नाही. कुठल्या झाडाशी किती वाजता कोण बोलतो हे त्याला पाठ होतं. ओढ्यापलीकडच्या वेतात सकाळी सातला कस्तुर बारीक शीळ घाली. तिथे विजेपाल थांबे, बोट वर करी आणि “ऐका” म्हणे. पाहुणे माना डोलावत.

त्या जानेवारीत गॉलच्या हेमलता टीचर आल्या. वय चौऱ्याहत्तर. दर वर्षी यायच्या. पूर्वी नवऱ्याबरोबर, आता एकट्या. त्यांच्या वहीत फक्त स्वतः पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या पक्ष्यांची नोंद असे. डोळे अधू झाल्यापासून भिस्त कानांवरच होती. फाटकाजवळच्या खिडकीत तिकिटं फाडताना पियासीली म्हणाली, “दोघांची वयं मिळून जंगलाएवढी झाली. कोण कोणाला धरून आणणार आहे?”

ओढ्याशी विजेपालने बोट वर केलं. टीचर काठीवर रेलून कानामागे हात धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला.

“आत्ता बोलतोय?”

“हो टीचर. त्या वेतात. रोजचीच जागा.”

त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. मग दगडावर बसल्या आणि पेनाला टोपण लावलं. “मला नाही रे ऐकू येत. गेल्या वर्षीही आला नव्हता, तू म्हणालास म्हणून लिहिला. म्हणजे डोळ्यांपाठोपाठ कानही गेले.” मुलगा हे हिंडणं पुरे म्हणून मागे लागलाच होता. आता परत फिरू या, त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी काही त्या येणार नव्हत्या.

अजून अर्धी वाट बाकी होती, विजेपालचे गुडघे ठणकत होते. काहीच न बोलता परतलं असतं तरी चाललं असतं. पण टीचरनी वही पिशवीच्या अगदी तळाशी ठेवलेली त्याने पाहिली, आणि तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसला.

“टीचर, कान माझे गेलेत. दोन वर्षं झाली. घड्याळ बघून बोट वर करतो. तिथे पक्षी आहे की नाही, मला ठाऊक नाही.”

त्या कीव करतील असं त्याला वाटलं होतं. त्या शाळेतल्यासारख्या बघत राहिल्या.

“किती जणांना ऐकवलास हा नसलेला पक्षी?”

“मोजले नाहीत.”

त्यांनी वही पुन्हा काढली, मागची पानं उलटली, गेल्या जानेवारीची ती ओळ शोधून खोडली आणि बाजूला आजची तारीख घातली. मग मान तिरकी करून त्या थांबल्या. उजवीकडे उंचावर कोणीतरी टिकटिकतंय, म्हणाल्या, बघ कोण ते. विजेपालला फक्त ओढा ऐकू येत होता. त्याने त्यांच्या काठीच्या रोखाने फांदी न् फांदी तपासली, तेव्हा पानांत हलणारा अंगठ्याएवढा जीव दिसला.

“फुलटोच्या,” तो म्हणाला.

“पांढऱ्या गळ्याचा?”

“हो. दिसतोय मला. खरंच दिसतोय.”

टीचरनी लिहून घेतलं.

फाटकाशी परतल्यावर त्या बाकावर गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा पीत बसल्या. विजेपाल खिडकीशी गेला आणि उद्यापासून धबधबा बघायला येणाऱ्यांसोबतच आपलं नाव लाव, असं त्याने पियासीलीला सांगितलं. नवी पोरं नाखुशीने करत ते हे काम.

“का हो दादा? पक्ष्यांचा कंटाळा आला?”

त्याने कानाकडे बोट दाखवलं. ती हसायला गेली, मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि नाव दुसऱ्या पानावर लिहिलं.

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला आणि मोज्यातल्या जळवा काढू लागला. टीचरनी गुळाचा उरलेला अर्धा खडा त्याच्यापुढे सरकवला.