पश्चिमेची खिडकी

जे आपण पाहिलेले नाही ते दुसऱ्यास समजावून सांगणे हा भूगोलाच्या शिक्षकाचा रोजचाच उद्योग असतो. मी कारंज्याच्या शाळेत अनेक वर्षे भरती-ओहोटी शिकवली आणि त्या वर्षांत समुद्र एकदाही पाहिला नाही. विद्यार्थ्यांना गुण पडत असत. त्यामुळे सन पन्नासनंतरच्या एका वर्षी आमच्या गावातील एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाने जेव्हा मला परदेशातील मुक्कामासाठी हॉटेल आणि वस्ती निवडून द्यावी असे सांगितले, तेव्हा त्यात मला काही अस्वाभाविक वाटले नाही. शेठजींची मुलगी माझी विद्यार्थिनी होती, तिचे लग्न झाले होते, आणि गावात मोठा नकाशासंग्रह फक्त शाळेच्या कपाटात होता.

शहर ठरलेले होते: कोलंबो. शेठजींना परदेश पाहायचा होता, पण पाण्याची भीती होती. मी नकाशावर दाखवले की धनुष्कोडीपर्यंत रेल्वेने गेल्यास समुद्र एका दुपारपुरताच पार करावा लागतो. ते म्हणाले, "एक दुपार मी डोळे मिटून काढतो." होळीनंतर जिनिंग बंद होई, तेव्हा निघायचे, दहा दिवस राहायचे आणि परत यायचे, असा बेत होता.

या प्रकारच्या प्रवासाला गावात तेव्हा नाव नव्हते. आमच्याकडे माणूस लग्नाला जाई, मयतीला जाई, तीर्थाला जाई, किंवा कोर्टात तारीख असल्यास अकोल्याला जाई. बाजारात शेठजींना लोक विचारत, "कोणाचं लगन हाय तिकडं?" लग्न नाही म्हटल्यावर विचारत, "मंग क्षेत्र कोणतं हाय?" दोन्ही नाही म्हटल्यावर लोक सहानुभूतीने प्रकृती कशी आहे ते पाहत.

पहिली बैठक शेठजींच्या ओसरीवर झाली. मी, शेठजी, त्यांचे कापडवाले मुसलमान मित्र आणि तूर निवडत बसलेल्या शेठाणी असे आम्ही चौघे होतो. मित्रांना सगळे भाई म्हणत आणि शेठाणींना मी वहिनी म्हणे. वहिनी बरोबर येणार की नाही हे अजून ठरलेले नव्हते. त्या न आल्यास दुसऱ्या जागेवर भाई जाणार होते, आणि ही गोष्ट ते लपवत नव्हते. कागदपत्रे पाठवण्यासाठी नावे महिन्याभरात कळवणे आवश्यक होते.

मी प्रस्तावना केली की शहरात प्रथम वस्ती निवडावी आणि मग त्या वस्तीतील हॉटेल.

"हॉटेलात मी पाय ठेवत नाई," वहिनी सुपातून नजर न काढता म्हणाल्या.

येथे वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळी कारंज्यात हॉटेल या शब्दाचा अर्थ निश्चित होता. एस.टी. स्टँडसमोर पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, काचेच्या कपाटात कांद्याची भजी आणि कपबशा विसळण्याची एक बादली, इतक्या वस्तू एकत्र आल्या की हॉटेल होई. तिथे कोणी राहत नसे. घरंदाज पुरुषही तिथे गेल्यास घरी सांगत की बाजारात भाव पाहायला गेलो होतो. तेव्हा वहिनींच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहिले ते असे की दहा रात्री त्यांनी बाकड्यावर काढायच्या.

मी समजावले की इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ प्रवाशांनी राहण्याची जागा असा आहे. तिथे खोली असते, पलंग असतो, वेळेवर जेवण मिळते, आणि शेवटी पैसे द्यावे लागतात.

"राहाले देते, जेवाले देते, अन् वरून हिशेब मांगते," वहिनी म्हणाल्या. "मंग सासर म्हणाना थ्याले."

भाई मोठ्याने हसले. शेठजींनी सुपाकडे पाहिले. मी वहीत 'शब्दार्थ' या शीर्षकाखाली नोंद केली आणि पुढच्या बैठकीला हॉटेलच्या एका मजल्याचा आराखडा कागदावर काढून नेला. त्यात खोल्या, जिना, न्हाणीघर आणि दरवाजाची आतली कडी दाखवली होती. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला. कडीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही आतून लागते?" मी होय म्हणालो. तेव्हापासून त्यांनी शब्दाबद्दल हरकत घेतली नाही.

त्यांना जायचे होते, हे मला त्याच दिवशी कळले. शेठजी आणि भाई आत तिजोरीजवळ काही कागद पाहत होते. वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, मी शिखरजीले गेली, गिरनारले गेली, बाहुबलीले गेली. आजवर जिथं गेली थिथं हात जोडाले गेली. सासू संगं, नाईतर सारा संघ संगं. एकडाव मले नुसतं पाहाले जायचं हाय. जिथं काई मांगा लागत नाई अशा जागी." थोडे थांबून त्यांनी सांगितले, "पण माहा नियम मोडला नाई पायजे. मोडत असन तर भाईलेच जाऊ द्या."

नियम हा की सूर्य मावळल्यावर अन्न घ्यायचे नाही, पाणीही नाही. शिवाय जमिनीखाली वाढलेले कंदमूळ वर्ज्य. लग्नाच्या वर्षी घेतलेला हा नियम त्यांनी तापातसुद्धा मोडला नव्हता. आमच्या गावातील जैन घरांत यात कोणाला विशेष वाटत नसे. कोलंबोच्या हॉटेलांना वाटेल की काय, हे पत्र पाठवल्याशिवाय कळणार नव्हते.

वस्तीच्या निवडीसाठी मी एक तक्ता केला. वाचनालयात एक जुनी प्रवासमार्गदर्शिका होती, तिच्यातील शहराचा नकाशा मी ट्रेसिंग कागदावर उतरवला. पेट्टा हा बाजाराचा भाग, फोर्ट हा कचेऱ्यांचा, दालचिनीच्या बागांचे नाव मिरवणारा बंगल्यांचा भाग, आणि गॉल फेस हा समुद्राला लागून असलेला मोकळा भाग. प्रत्येकाला शाकाहाराची सोय, स्टेशनापासूनचे अंतर, शांतता, बाजार आणि डॉक्टर या पाच विषयांत प्रत्येकी वीसपैकी गुण दिले. पेट्टा पहिला आला. गॉल फेसला एकूण पस्तीस मिळाले, म्हणजे तो भाग जेमतेम उत्तीर्ण झाला. बंगल्यांचा भाग बाजार या विषयात नापास झाल्यामुळे बाद करावा लागला.

मग तीन हॉटेलांना इंग्रजीत पत्रे लिहिली. माझे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. मी लिहिले की सोबतच्या बाई सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत आणि जमिनीखालचे काही खात नाहीत, तरी आपण काय व्यवस्था करू शकाल ते कृपया कळवावे.

फोर्टमधील हॉटेलने उत्तर दिले की बाईंच्या आजाराबद्दल वाचून वाईट वाटले, हॉटेलात दररोज सकाळी एक अनुभवी डॉक्टर येऊन जातात. गॉल फेसच्या हॉटेलने कळवले की त्यांचे स्वयंपाकघर जमिनीखाली नसून पहिल्या मजल्यावर, हवेशीर जागी आहे, त्यामुळे बाईंनी निश्चिंत असावे. पेट्ट्याच्या हॉटेलचे उत्तर आलेच नाही.

मी ही पत्रे वाचून दाखवली तेव्हा भाई म्हणाले, "मास्तर, भाभी बीमार हाय हे आमाले कोणी सांगितलंच नाई."

"बीमार नाई," वहिनी म्हणाल्या, "पण यायच्या संगं पंचवीस वर्सं काढली, थ्याचं औषध असन त्या डॉक्टरपाशी तर इचारा."

दुसऱ्या पत्रांत मी अधिक खुलासा केला. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा आणि रताळे यांची नावे लिहिली आणि जेवण साडेपाचला हवे असे स्पष्ट केले. या वेळी पेट्ट्याहून उत्तर आले. मालक दक्षिणेकडील होते आणि त्यांना सारे समजले होते. साडेपाचला भात, कंदमुळाविना भाजी आणि वरण मिळेल, असे त्यांनी लिहिले. गॉल फेसच्या हॉटेलचे म्हणणे की रात्रीचे जेवण साडेसातपूर्वी देण्याची पद्धत नाही, मात्र पाच वाजता फळे आणि दूध खोलीत पाठवता येईल. फोर्टच्या हॉटेलने पुन्हा डॉक्टरांचाच उल्लेख केला.

माझ्या मते प्रश्न सुटला होता. तक्त्यात पेट्टा पहिला आणि जेवणही पेट्ट्यातच. शेठजींनी मान डोलावली. भाईंचा चेहरा पडला.

वहिनींनी नकाशा मागितला. "हे पेट्ट्याचं हॉटेल कोणत्या रस्त्यावर हाय?"

मी दाखवले. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली दुकाने.

"थिथून सूर्य दिसते?"

मी म्हणालो की दिसण्याची आवश्यकता नाही. कोलंबो विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे सूर्यास्ताच्या वेळेत वर्षभर फारसा फरक पडत नाही, मी दहा दिवसांचे कोष्टक काढून देईन, त्यांनी फक्त घड्याळ पाहावे.

"घड्याळ तुमचं हाय, गुरुजी. इथं मी माळवदावरून पाह्यते, कोर दिसते तवर पाणी पेते. तुमचं कोष्टक चुकलं तर दोष कोणाले लागन? तुमाले का मले?"

हा प्रश्न माझ्या विषयाच्या कक्षेबाहेरचा होता. मी थोडा वेळ पेन्सिलीला टोक केले. शेठजी म्हणाले, "अवं, मास्तरचं गणित आजवर चुकलं काय?" त्या म्हणाल्या, "नाई चुकलं. पण माहा नियम मास्तरनं नाई घेतला."

नंतर त्यांनी गॉल फेसवर बोट ठेवले आणि समुद्र कोणत्या दिशेला आहे ते विचारले. मी सांगितले, पश्चिमेला. मधे काही आड येते काय? काही नाही, आफ्रिकेपर्यंत पाणीच आहे.

"मंग हेच. पश्चिमेची खिडकी पायजे म्हणून लिहा."

"अवं पण थिथं भात नाई भेटत," शेठजी म्हणाले. "दहा दिवस केळावर राह्यशीन?"

"दशलक्षणाच्या उपासातही दहाच दिवस असते," वहिनी म्हणाल्या. "थेव्हा तर केळही नसते."

अशा रीतीने तक्त्यात शेवटचा आलेला भाग निवडला गेला. पद्धतीची शिस्त राहावी म्हणून मी 'सूर्यास्त दिसणे' हा सहावा विषय वाढवला, त्यात गॉल फेसला वीसपैकी वीस दिले आणि पेट्ट्याला शून्य. तरीही पेट्टाच पुढे राहिला. भाई माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "निकाल लागल्यावर सवाल वाढवले, तरीबी पोरगं फेल? मास्तर, पेपर तुमी काढला होता ना?" मी वही मिटली. त्याच दुपारी वहिनींनी पासपोर्टच्या अर्जावर सही केली. सहीला बराच वेळ लागला, कारण त्यांनी प्रत्येक अक्षर सुटे काढले.

ती दोघे मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीने निघाली तेव्हा मी वहिनींना माझे कोष्टक दिले. समुद्रावरील प्रत्यक्ष सूर्यास्त आणि माझा हिशेब यांत किती मिनिटांचा फरक पडतो ते रोज नोंदवावे, विद्यार्थ्यांना उपयोग होईल, अशी विनंती केली. त्यांनी कोष्टक पाणी गाळण्याच्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवले.

ती दोघे परत आल्यावर चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. कोष्टकात दुसऱ्या दिवसापासूनचे सर्व रकाने भरलेले होते, अक्षर सुवाच्य होते, आणि माझा हिशेब दोन-तीन मिनिटांपलीकडे कुठेही चुकला नव्हता. पहिल्या दिवसाचा रकाना मात्र कोरा होता. मी कारण विचारले.

"थ्या दिवशी पाच वाजता केळं अन् दूध ठेवून गेला माणूस," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, अजून टाइम हाय. खिडकीत बसली. सूर्य पाण्यावर टेकला. मंग अर्धा झाला. मंग एवढीशी कोर राह्यली. मंग गेला."

"आणि तुम्ही?"

"मी पाहूनच राह्यली होती. खाचं ध्यानातच नाई राह्यलं."

"म्हणजे पहिल्याच दिवशी उपवास घडला."

"उपास नाई, गुरुजी. उपासाले आधी ठरवा लागते. मी नुसती भुकेली झोपली." त्यांनी तुरीचे सूप पुढे ओढले. "यायनं आठ वाजता खाली जाऊन जेवण केलं, वर येऊन मले इचारलं का खिडकी लावू काय. मी म्हटलं, राहू द्या."